दोन संगणक, एक मूळ प्रत

रायपूर शहराच्या जुन्या भागात, कंकाली तलावापासून थोड्याच अंतरावर, ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. 'पारा' म्हणजे येथील बोलीत आळी किंवा मोहल्ला. या बाजूच्या काही घरांतून आजही मराठी बोलली जाते, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरला येऊन छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरीही पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिले. त्यामुळे नोकरी, शिक्षण आणि सोयरीक या तिन्ही निमित्तांनी या दोन शहरांमधील येजा कधी थांबली नाही.

अशा ठिकाणी राहून अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाचे काम दोन प्रकारचे असते. एक बैठे काम. समोर मूळ ग्रंथ, बाजूला कोश आणि पडद्यावर स्वतःचा मजकूर, अशी बैठक तासन्तास चालते. दुसरे काम फिरते. एखादा शब्द पडताळण्यासाठी नागपूरला विदर्भ साहित्य संघात जावे लागते, रेल्वेच्या पाचसहा तासांच्या प्रवासात मुद्रिते वाचावी लागतात, किंवा वस्तीतल्याच एखाद्या वृद्ध बाईंजवळ बसून जुने शब्द टिपून घ्यावे लागतात. पहिल्या कामाला मेजावरचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप, सोयीचा. दुसऱ्याला हलका लॅपटॉप. माझ्याकडे गेली काही वर्षे ही दोन्ही यंत्रे आहेत. ती दोन्ही एकत्र वापरताना कोणते प्रश्न उद्भवतात आणि त्यांची उत्तरे कशी शोधावयाची, हे या लेखात सांगावयाचे आहे.

फिरत्या संगणकाची कल्पना

बरोबर नेता येईल अशा संगणकाची कल्पना, तो प्रत्यक्षात येण्याच्या बऱ्याच आधीची आहे. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन के यांनी 'डायनाबुक' नावाच्या यंत्राचे वर्णन लिहिले. ते वहीएवढे असावे, त्याचे वजन दोन किलोंच्या आत असावे आणि लहान मुलांनाही ते वापरता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी असे यंत्र घडविण्याची साधनेच नव्हती.

१९८१ मध्ये 'ऑस्बोर्न १' हा संगणक बाजारात आला. त्याचे निर्माते ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तामिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले होते आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेही कोडाइकनाल येथे. हा संगणक शिवणयंत्राच्या पेटीसारखा बंद करून उचलून नेता येई. मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा ५ इंचांचा होता आणि तो चालवावयाचा तर भिंतीतील विजेचाच आधार घ्यावा लागे. पुढील वर्षी आलेल्या 'ग्रिड कंपास' या संगणकाचा पडदा कळफलकावर पुस्तकासारखा मिटत असे. आजचे लॅपटॉप त्याच घडणीचे आहेत. १९८३ मध्ये 'टीआरएस-८० मॉडेल १००' निघाला. वजन दीड किलोच्या आसपास, आणि विजेरीत घालतात तसले चार सेल त्याला पुरत. त्याच्या पडद्यावर आठच ओळी दिसत, तरी बातमीदारांमध्ये तो अतिशय लोकप्रिय झाला. याचे कारण उघड आहे. बातमीदाराला बाहेर लिहावयाचे असते आणि लिहिलेले कचेरीत पोचवावयाचे असते. सजावट, मांडणी, छपाई ही कामे कचेरीतील मोठ्या यंत्रांची. हलक्या यंत्राने आपल्या वाट्याचे तेवढे काम करावे, हा विचार येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

१९९२ मध्ये ॲपल कंपनीने 'पॉवरबुक ड्युओ' काढला, त्यामागे निराळा विचार होता. सुमारे दोन किलोंचा हा लॅपटॉप घरी आल्यावर एका मोठ्या खोक्यात सरकवावयाचा, की त्याचाच मेजावरचा संगणक होई. यंत्र एकच असल्यामुळे मजकुराच्या दोन प्रती होण्याचा प्रश्न त्यात नव्हता. आजही अनेक लोक लॅपटॉपला मोठा पडदा आणि वेगळा कळफलक जोडून हेच साधतात. ज्यांचे काम एका यंत्रात भागते त्यांनी दुसरे विकत घेऊ नये, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. मात्र ज्यांच्याजवळ चांगला डेस्कटॉप आधीपासून आहे, किंवा ज्यांचे काम खरोखरच दोन ठिकाणी विभागलेले आहे, त्यांना दोन यंत्रांचा संसार करावा लागतो.

हलकेपणासाठी काय सोडावे लागते

लॅपटॉप हलका होतो तो काही गोष्टी सोडून देऊन. संगणकाचा प्रक्रियक जितके अधिक काम करतो तितका तापतो, आणि ही उष्णता बाहेर टाकण्यास पंखे, धातूच्या पट्ट्या आणि मोकळी जागा लागते. मेजावरच्या साध्या संगणकाचा प्रक्रियक साधारणतः ६५ वॅट उष्णता बाहेर टाकता येईल या हिशेबाने बसविलेला असतो. पातळ लॅपटॉपमध्ये हा हिशेब बहुधा १५ वॅटच्या आसपास ठेवावा लागतो. याचा परिणाम असा की, थोड्या वेळापुरते हलके यंत्र मोठ्या यंत्राइतकेच चपळ वाटते. परंतु जुन्या पुस्तकाच्या शंभर पानांची छायाचित्रे अक्षरांत उतरविण्यासारखे दीर्घ काम दिले, की ते तापते आणि मग आपला वेग आपणच कमी करते. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट शरीराची. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीच्या उंचीवर ठेवावेत तर मान खाली झुकते, आणि पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरी राहतात. तासाभराच्या कामात हे खपून जाते, पण आठ तासांच्या कामात मानेला आणि खांद्यांना त्याची शिक्षा होते. मेजावर पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि कळफलक कोपराच्या उंचीवर, अशी मांडणी करता येते. त्यामुळे दीर्घ बैठकीचे काम मेजावरच करावे.

याच्या उलट, वीज गेली असता डेस्कटॉप यूपीएसच्या आधाराने दहापंधरा मिनिटे तग धरतो. लॅपटॉप लिहिण्याच्या साध्या कामाला तासाला सहासात वॅटतास इतकीच वीज घेतो. म्हणजे ५० वॅटतासांच्या बॅटरीवर सातआठ तास काम होऊ शकते. ही लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, आणि लॅपटॉपला आलेला आजचा हलकेपणा बराचसा तिच्यामुळेच आहे. तिला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता, आणि सदैव पूर्ण भरलेले राहणे. म्हणून लॅपटॉप उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. आणि तो घरी बराच काळ विजेला जोडलेला राहणार असेल, तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय अनेक यंत्रांत असते, तिचा उपयोग करावा.

देवनागरीची अडचण

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन यंत्रांमुळे आणखी एक अडचण येत असे, आणि ती काही अंशी अजूनही आहे. पूर्वीच्या मराठी अक्षरलेखनाच्या प्रणालींत अक्षरांचे संकेतांक ज्याचे त्याचे स्वतंत्र असत. एका यंत्रावर लिहिलेला परिच्छेद, तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित केली, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि यंत्र बदलले तरी मजकूर तोच राहू लागला. या प्रणालीत साठविताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. अडीचशे पानांच्या पुस्तकाचा नुसता मजकूर दीड ते पावणेदोन मेगाबाइटमध्ये मावतो. मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही बहुधा याहून मोठे असते. म्हणजे सारे पुस्तक बरोबर वावरविण्यास हलक्यात हलके यंत्रही पुरेसे आहे.

तथापि एक सूक्ष्म अडचण उरते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. 'ॲ' हे अक्षरही तसेच. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न समजतो. एका यंत्रावर एक कळफलकपद्धती आणि दुसऱ्यावर दुसरी असेल, तर एकाच हस्तलिखितात दोन्ही रूपे मिसळतात, आणि शब्द शोधावयास जावे तर निम्मे सापडतात, निम्मे सापडत नाहीत. म्हणून दोन्ही यंत्रांवर कळफलकाची मांडणी एकच ठेवणे, ही मराठी लेखकाने पाळावयाची पहिली शिस्त होय.

मूळ प्रत कोणती?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लेखन दोन यंत्रांवर होऊ लागले, की एकाच मजकुराच्या दोन प्रती तयार होतात. त्यांपैकी खरी कोणती?

काही वर्षांपूर्वी छत्तीसगडमधील घरगुती जीवनावरील एक हिंदी पुस्तक मी मराठीत आणत होते. भांडी, सणांचे पदार्थ, जुन्या घरांचे भाग यांसाठी कोशात न मिळणारे मराठी शब्द हवे होते. आमच्या आळीत ऐंशी ओलांडलेल्या एक काकू होत्या. त्यांच्या बोलण्यात जुनी मराठी छत्तीसगडीच्या शेजाराने थोडी वळलेली होती. सलग दोन दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि चाळीसएक शब्द अर्थांसह शब्दसूचीत उतरवून घेतले. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे दोन्ही यंत्रांवरील फाईली जुळविणारी आज्ञावली चालविली. 'नंतरची प्रत ठेवावी' असे तिला सांगून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तो शब्दसूची आठवड्यापूर्वीची! लॅपटॉपची बॅटरी मध्यंतरी पूर्ण उतरली होती, त्यामुळे त्याचे घड्याळ बंद पडून तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. काकूंच्या घरी इंटरनेट नसल्याने ती सुधारलीही गेली नव्हती. नवी सूची संगणकाच्या लेखी जुनी ठरली, आणि मेजावरच्या जुन्या सूचीने तिची जागा घेतली.

मी पुन्हा काकूंकडे गेले. "अगं बाई, परवा तुझ्या त्या मशीनला सगळं सांगितलं होतं ना?" त्या म्हणाल्या. "चूक माझीच झाली, काकू. पुन्हा एकदा सांगाल का?" असे मी विचारले. त्यांनी सांगितले, पण आठवण मागणीप्रमाणे येत नाही. निम्मे शब्द आले, काही शब्द आले पण त्यांचे अर्थ आले नाहीत, आणि पुढच्याच हिवाळ्यात काकू गेल्या.

या चुकीचे मूळ घड्याळावर ठेवलेल्या विश्वासात होते. दोन यंत्रांची घड्याळे सारखी चालतील याची खात्री नसते, हे संगणकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये, घड्याळावर विसंबून न राहता घटनांचा क्रम कसा ठरवावा, याचे विवेचन केले. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी त्याच दिशेने पुढची रीत मांडली. तीत प्रत्येक प्रतीबरोबर एक छोटा हिशेब ठेवतात: पहिल्या यंत्रावर किती वेळा बदल झाला, दुसऱ्यावर किती वेळा. समजा, मेजावरील प्रतीचा हिशेब 'पाच आणि तीन' आहे, आणि लॅपटॉपवरील प्रतीचा 'पाच आणि चार'. म्हणजे दुसरी प्रत पहिलीच्या पुढे गेली आहे. ती निःशंकपणे ठेवावी. पण एकीचा हिशेब 'सहा आणि तीन' आणि दुसरीचा 'पाच आणि चार' असेल, तर दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे बदल झाले आहेत. अशा वेळी कोणतीही एक प्रत नाहीशी करणे चूक ठरते. चांगली आज्ञावली तेथे थांबते, दोन्ही प्रती जपून ठेवते आणि निर्णय माणसावर सोपविते.

ही परिस्थिती मराठी वाचकाला अपरिचित नाही. हस्तलिखितांच्या काळात नकलकारांगणिक ग्रंथाच्या प्रती भिन्न होत जात, आणि त्यांतील भेदांना आपण पाठभेद म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. सर्वांत अलीकडची प्रत हीच खरी, असे त्यांनी मानले असते तर हे काम करण्याची गरजच पडली नसती. प्रत केव्हाची आहे यावरून तिचा खरेपणा ठरत नाही. तीत काय आहे हे वाचूनच तो ठरवावा लागतो.

संगणकावर ही जुळवणी करण्याची साधने हळूहळू सुधारत गेली. १९९५ च्या विंडोज प्रणालीत 'ब्रीफकेस' नावाची सोय होती. प्रवासाला जाताना फाईली तीत ठेवावयाच्या, लॅपटॉपवर बदलावयाच्या आणि परत आल्यावर मूळ ठिकाणी अद्ययावत करावयाच्या. कल्पना उत्तम होती, पण फाईली तीतून न्यावयाचे आणि परत आणावयाचे स्मरण माणसालाच ठेवावे लागे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात निघालेल्या 'आरसिंक'ने फाईलीचा बदललेला तेवढाच भाग पाठविण्याची युक्ती आणली. २००८ पासून 'ड्रॉपबॉक्स'सारख्या सेवा इंटरनेटवरील तिसऱ्या ठिकाणी प्रत ठेवून जुळवणी आपोआप करू लागल्या, तर २०१३ मध्ये निघालेली 'सिंकथिंग' ही विनामूल्य आज्ञावली मध्ये कोणतीही कंपनी न आणता घरातील दोन यंत्रे थेट जुळविते. मात्र रायपूरहून नागपूरला जाताना डोंगरगड ओलांडल्यावर दरेकसा-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात मोबाइलची खूण वारंवार नाहीशी होते. तेवढा वेळ कोणतीही सेवा आपल्याला वेगळ्या प्रतीवरच काम करावयास लावते. आणि त्याच वेळी घरी कोणी मेजावरची फाईल उघडून बदलली, तर पाठभेद निर्माण होणारच.

जुळवणी म्हणजे जतन नव्हे

दोन्ही यंत्रांवर मजकूर असला म्हणजे तो सुरक्षित आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. जुळवणीचे काम दोन्ही प्रती सारख्या ठेवणे एवढेच. एका यंत्रावर चुकून एखादे प्रकरण पुसले गेले, तर ती आज्ञाधारकपणे दुसरीकडेही पुसते. जतनासाठी निराळी प्रत लागते, आणि ती अशी हवी की रोजच्या कामाचा हात तिला लागणार नाही.

एकच प्रत असण्यात किती जोखीम असते याचे एक ठळक उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य वह्यांमध्ये पेन्सिलीने लिहिले. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली, पण वह्या काही काळ सरकारकडेच राहिल्या आणि त्या परत मिळतील की नाही याची काळजी त्यांच्या स्नेह्यांना लागून राहिली. अखेर त्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्याचा हिंदी अनुवाद केला तो माधवराव सप्रे यांनी. मराठी घरात जन्मलेल्या आणि हिंदीची आयुष्यभर सेवा केलेल्या सप्रे यांचे १९२६ मध्ये याच रायपुरात निधन झाले. ज्या हस्तलिखिताची दुसरी प्रत नव्हती, ते हरवले असते तर मूळ ग्रंथही नसता आणि अनुवादही नसता.

छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी रूढ केलेला एक नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. माझ्यापुरते सांगावयाचे तर एक प्रत मेजावरच्या संगणकात असते, दुसरी दर रविवारी जोडून पुन्हा काढून ठेवलेल्या बाह्य डिस्कवर, आणि तिसरी नागपूरच्या नातेवाइकांच्या कपाटात. लॅपटॉपवरील प्रत मी या हिशेबात धरत नाही.

कामाची शिस्त

तात्पर्य, दोन यंत्रांत समानता नसावी. जुने व्यापारी दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत टिपून ठेवीत आणि नंतर ते खतावणीत चढवीत. कीर्दीवाचून काम चालत नसे, पण कोणाच्या खात्यावर काय आहे याचे उत्तर खतावणीच देई. लॅपटॉप ही कीर्द आणि मेजावरचा संगणक ही खतावणी, असे एकदा ठरविले म्हणजे बाकीचे नियम आपोआप निघतात. बाहेर पडताना चालू कामाच्या तेवढ्याच फाईली बरोबर न्याव्यात. बाहेर असताना मूळ फाईलीत बदल करण्याऐवजी, शक्य तेथे, त्या दिवसाच्या तारखेची नवी फाईल करावी. नवी फाईल कोणत्याही जुन्या फाईलीला पुसू शकत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी ती वाचून मूळ प्रतीत उतरवावी. लॅपटॉप सुरू करताच तारीख पाहावी. आणि त्याच्या डिस्कला सांकेतिक कुलूप घालावे, कारण जे यंत्र बरोबर फिरते तेच हरवते.

काकूंच्या शब्दांची सूची आता मूळ प्रतीत आहे आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. तीत सातआठ शब्दांपुढील अर्थाची जागा अजून रिकामी आहे. आळीत कोणी जुने माणूस भेटले, की मी लॅपटॉप उघडून ते शब्द वाचून दाखविते. गेल्या वर्षी त्यांतील एकाचा अर्थ मिळाला, आणि त्याच संध्याकाळी तो मेजावरच्या प्रतीत नोंदविला.